काणी बियाण्यात, निंबोळी धुऱ्यावर

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत अगदी शेवटी एक प्रश्न आला होता. शेवटची एसटी गाठायची म्हणून अर्धी माणसे उठली होती, त्यामुळे उत्तर राहून गेले. प्रश्न असा होता : ज्वारीच्या कणसात काणी दिसली तर निंबोळी अर्काची फवारणी करावी का?

एका शब्दात उत्तर द्यायचे तर, नको. पाणी वाया, मजुरी वाया, दिवस वाया. पण नुसते 'नको' म्हणून आम्ही खाली बसलो तर त्याचा काही उपयोग नाही. निंबोळी नको म्हटल्यावर कोणीतरी दुकानातून दुसरी बाटली आणील, आणि कणसात दिसणाऱ्या काणीला तीही तितकीच निरुपयोगी असेल. तेव्हा काणी जगते कशी आणि कडुनिंब जगतो कसा, हे आज दोघांना शेजारी शेजारी बसवून पाहू. एक डोळ्यांना दिसत नाही अशी बुरशी आणि दुसरे धुऱ्यावरचे झाड, यांची तुलना कशाला, असे कोणाला वाटेल. पण प्रश्न तुम्हीच दोघांना एकत्र आणून विचारला आहे.

ज्वारीला काणी चार प्रकारची येते. दाणेकाणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी. आज बोलायचे ते मुख्यतः दाणेकाणीबद्दल. घरचे बी राखणाऱ्याच्या वावरात तीच जास्त दिसते, आणि तिचा बंदोबस्त पूर्णपणे आपल्या हातात आहे. कणसात दाण्याच्या जागी मळकट पांढरी, राखाडी, जराशी टोकदार पिशवी दिसते. चिमटीत फोडली की आत काळी भुकटी. पावसात सापडून काळी पडणारी ज्वारी ती वेगळी. तिथे दाणा तयार झालेला असतो आणि त्याच्यावर बुरशी चढते. काणीमध्ये दाणाच नसतो. आपल्या दाण्याच्या घरात बुरशीने स्वतःचे पीक काढलेले असते. ती काळी भुकटी म्हणजे तिचे बी.

या बीला बीजाणू म्हणतात. एका मिलिमीटरच्या अंतरात ते दीडशेच्या आसपास ओळीने बसतील, इतके बारीक. खळ्यावर मळणी झाली, थ्रेशर फिरला की पिशव्या फुटतात आणि ही भुकटी निरोगी कणसांच्या दाण्यांवर जाऊन बसते. दाणा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसतो. भाकरीही चांगली होते. आपण त्यातलेच बी बाजूला काढतो आणि कणगीत किंवा डब्यात कोरडे ठेवतो. कोरड्या जागेत बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतो. पेरणी होऊन जमिनीत ओल मिळाली की ज्वारीच्या बरोबर तोही उगवतो. ज्वारीचा कोंब मातीच्या वर यायच्या आतच तो कोवळ्या कोंबात शिरतो. पुढे शेंडा जसा वाढेल तशी आतल्या आत बुरशी वाढते.

इथे नीट लक्ष द्या. पुढचे कितीतरी दिवस ते ताट चांगले दिसते. पाने हिरवी, वाढ बरी. तुम्ही डवरणी केलीत, निंदण काढले, खत टाकले. त्यातला हिस्सा रोज आत खाल्ला जातो आणि बाहेर कळत नाही. कणीस निसवते, दाणा भरायची वेळ येते, तेव्हा प्रत्येक दाण्याची पिशवी होते. आयते खाणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत, पण इतक्या शिस्तीत खाणारे थोडे. म्हणजे काणी आपल्याला दिसते तेव्हा तो रोग सुरू झालेला नसतो, संपलेला असतो. त्या दिवशी वरून काहीही मारले तरी पिशवीचा पुन्हा दाणा होणार नाही.

हे माणसाला कळायला फार वर्षे लागली. फ्रान्समध्ये मॅथ्यू टिले नावाच्या माणसाने १७५५ साली गव्हाच्या काणीवर प्रयोग केले. आपल्या ज्वारीच्या काणीची ती चुलत बहीण. जमिनीचे तुकडे पाडून काहींत काळी भुकटी लावलेले बी पेरले, काहींत स्वच्छ बी पेरले, आणि भुकटी लावलेल्या तुकड्यांत रोग जास्त येतो हे दाखवले. तोपर्यंत लोक धुक्याला, हवेला, चंद्राला दोष देत होते. पुढे १८०७ साली प्रेव्हो या दुसऱ्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली त्या भुकटीतून कोंब फुटताना पाहिले आणि ही भुकटी जिवंत आहे असे सांगितले. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात मात्र कोंब फुटत नाहीत, हेही त्यानेच पाहिले. मोरचुदाची बीजप्रक्रिया तिथून निघाली. पॅरिसच्या विद्वानांनी त्याचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. ही रीत जुनीच आहे.

आता धुऱ्यावर या.

कडुनिंब आपले अन्न आपण करतो. पानात हिरवेपणा आहे, वर ऊन आहे, मूळ खोल जाते. दुष्काळात आपले पीक करपते आणि तो चैत्रात नवी पालवी घेऊन उभा असतो. पाडव्याला आपण त्याचा फुलोरा गुळाबरोबर खातो. त्या बारक्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. मग निंबोळी धरते, ज्येष्ठ-आषाढात पिकून पिवळी होते, आणि पाखरे व वटवाघळे गर खाऊन बी दूर नेऊन टाकतात. सावलीत दोन तासे बारीक राहतात म्हणून धुऱ्यावरचा निंब तोडणारेही आहेत. त्यांचे अगदीच खोटे नाही. पण झाड आपल्या ताटातून काही उचलत नाही.

बुरशीत हिरवेपणा नाही. तिला ऊन असून नसून सारखे. ती दुसऱ्याच्या अंगातूनच खाणार. शाळेत आपल्याला बुरशी वनस्पतीत मोजायला शिकवले. ते आता कोणी मानत नाही. १९९० नंतर आनुवंशिक द्रव्याचा जो अभ्यास झाला त्यातून असे दिसले की, बुरशीचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे आहे. किड्याच्या कवचात जो पदार्थ असतो तोच तिच्या पेशीच्या भिंतीत असतो. म्हणजे कडुनिंब आणि ज्वारी एका गोतातले, आणि काणी नात्याने आपल्याच अंगाला! तिकडे मेक्सिकोत मक्याची काणी भाजी करून चवीने खातात, बाजारात तिला भावही मिळतो. आपल्या काणीला तसला भाव कोणी देणार नाही, म्हणून तो विषय इथेच सोडू.

आमच्या मते दोघांतला सगळ्यात मोठा फरक बियांच्या आयुष्यात आहे. एवढे मोठे झाड, पण त्याची निंबोळी झाडावरून पडली की महिना-दोन महिन्यांत तिची उगवण जाते. रोप करायचे तर ताजे बी ताबडतोब लावावे लागते. आणि जी धुळीच्या कणाएवढी आहे त्या काणीचा बीजाणू वर्षानुवर्षे वाट पाहतो. त्यामुळे 'आमच्याकडे गेल्या वर्षी काणी नव्हती' या बोलण्याला अर्थ नाही. बी कोणाचे आणले, कोणत्या थ्रेशरमधून निघाले, आधी त्यातून कोणाची ज्वारी निघाली, हे विचारायला हवे.

काही घरांत बियाण्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालतात आणि त्यामुळे काणी येत नाही असे सांगतात. पाल्याने सोंडे-किडे थोडे दूर राहतात, ते खरे. बीजाणूचे पाल्याने काही वाकडे होत नाही. पाला जरूर घाला, पण काणीचा बंदोबस्त झाला असे समजू नका.

मग कडुनिंबाचा उपयोग कशावर? मुख्यतः खाणाऱ्या तोंडावर, म्हणजे किडीवर. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा श्मुटेरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले की, आजूबाजूचे सगळे खाल्ले गेले आणि कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी उभी राहिली. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर मारले, तर टोळ त्या पिकावर बसले पण त्याला तोंड लावले नाही. निंबोळीतला मुख्य कडू पदार्थ १९६८ साली इंग्लंडमध्ये वेगळा काढला गेला. तो किडीला लगेच मारत नाही. तिचे जेवण तोडतो, तिची कात टाकणे बिघडवतो. म्हणून फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या मरून पडल्या नाहीत तर 'अर्क खोटा' म्हणू नका. आणि बोंडाच्या आत शिरलेल्या गुलाबी अळीला या अर्काने काही होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. अंडी आणि बारीक अळी असतानाच तो कामाचा. आत शिरलेल्या अळीला जे लागू, तेच आत शिरलेल्या काणीला लागू.

अर्क करायची रीत बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या पोरांसाठी सांगतो. पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजू घालावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालावा आणि सगळे मिळून शंभर लिटर करावे. पाच टक्के म्हणतात तो हाच. उन्हाने तो नासतो, म्हणून त्याच दिवशी, संध्याकाळच्या वेळी मारावा. भर आलेल्या झाडाला वर्षाला तीस ते पन्नास किलो फळ येते. एका झाडाखाली वेचलेल्या मालात एकरभर पऱ्हाटीच्या एका फवारणीचे सहज भागते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते आठवले की, सुरुवातीच्या एक-दोन फवारण्या तरी धुऱ्यावरच्या मालात निघत असतील तर का काढू नयेत, असे आम्हाला वाटते. पण निंबोळी वेचायची ती पहिल्या पावसाच्या लगबगीत. तेव्हा आपण तिफण जुंपण्यात असतो. पोरे पोते भरतात, ओलीच निंबोळी कोपऱ्यात ढीग करून ठेवतात, आणि तिला बुरशी लागते. व्यापारी त्या बुरशीवर बोट ठेवून भाव पाडतो. वर्षभराने तोच माल गाळून बाटलीत भरून येतो आणि आपण तो रोख पैसे देऊन घेतो. गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून, हवा खेळेल अशा पोत्यात ठेवली तर हे टळते. मात्र आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनी निंबोळी अर्काला घेऊ नये, तिचा कडूपणा उतरतो.

आता कोणी म्हणेल, कडुनिंब बुरशीवरही चालतो असे आम्ही वाचले आहे, त्यावरून तर परदेशात खटला झाला. बरोबर आहे. तो खटला समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेची डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे शेती खाते यांनी मिळून युरोपात एक पेटंट मिळवले. १९९४ साली ते मंजूर झाले. पेटंट कशाचे? कडुनिंबाच्या तेलाने झाडांवरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या पद्धतीचे. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या हरित गटाच्या मागदा आलवूत आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ साली त्याला हरकत घेतली. म्युनिकच्या पेटंट कचेरीपुढे काम चालले. 'आमच्या आज्या-पणज्यांपासून हे माहीत आहे' एवढ्यावर तिथे भागत नाही. कोणी, कुठे, कधी, कशावर वापरले ते सांगावे लागते. तेव्हा पुण्याच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने प्रतिज्ञापत्र दिले की, १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत अशाच तेलाच्या अर्काचे पिकावरच्या बुरशीवर शेतात प्रयोग झाले होते. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूने अपील झाले, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले. लिहून ठेवलेल्या तारखेची किंमत किती, ते यावरून कळते. आपल्या वहीत पेरणीची तारीख, बियाण्याचे वाण, लावलेले औषध हे लिहायला आपण अजून आळस करतो.

पण त्या पेटंटातली बुरशी पानाच्या वर बसणारी होती, भुरीसारखी. तेल पानावर पसरते, बुरशी पानावर असते, दोघांची गाठ पडते. काणी पानावर नसतेच. म्हणून म्युनिकचा निकाल काणीच्या कामाचा नाही.

आणि कडुनिंबालाही बुरशी सोडत नाही, हे आपण अलीकडे डोळ्यांनी पाहिले. शेंडे वाळवणारी एक बुरशी आहे. शास्त्रीय नावातच तिने कडुनिंबाचे नाव घेतले आहे, 'फोमॉप्सिस ॲझाडिरॅक्टी'. कर्नाटकात तिची नोंद १९९७ सालची. २०२१ साली शेजारच्या तेलंगणात गावोगावची कडुनिंबाची झाडे पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांपासून वाळायला लागली आणि लोक घाबरले. काही ठिकाणी देवीचा कोप म्हणून पूजा घातल्या. बुरशीच्या जोडीला रस शोषणारा ढेकूणही होता. पुष्कळ झाडांना पुढे नवी पालवी फुटली. पण ज्या फांदीचा शेंडा वाळला त्या फांदीला फुलोरा नाही आणि निंबोळीही नाही. आपल्या धुऱ्यावर असे दिसले तर वाळलेल्या काड्या थोड्या जिवंत भागासकट कापून जाळाव्यात, झाड तोडू नये. दुसऱ्याची बुरशी घालवणारे झाड स्वतःच्या बुरशीपुढे वाकते, याचे नवल वाटून घेऊ नका. त्याचा कडूपणा किड्याच्या तोंडासाठी आहे.

तर काणीला गाठायचे कुठे? कोंब मातीबाहेर यायच्या आत. म्हणजे बियाण्यावर. बीजाणू दाण्याच्या बाहेरून चिकटलेला असतो, हीच त्याची एकमेव कच्ची बाजू. तीनशे मेशचे गंधक, एक किलो बियाण्याला चार ग्रॅम. तीनशे मेश म्हणजे इंचात तीनशे तारा असलेल्या चाळणीतून पडणारी पूड. जाड गंधक दाण्याला धरत नाही, डब्याच्या तळाशी उरते. एकराला चार किलो बी धरा, सोळा ग्रॅम गंधक झाले. झाकणाच्या डब्यात बी आणि गंधक घालून दहा मिनिटे डबा लोळवायचा. जिवाणू खत लावायचे असेल तर ते गंधकानंतर, पेरायच्या वेळी. उरलेले बी जनावरांपुढे टाकू नका, दळायला तर मुळीच नको.

संकरित बियाण्याच्या पिशवीत औषध आधीच लावलेले असते, तो रंग औषधाचाच. म्हणून कोणी म्हणतो, घरचे बी सोडा, दरवर्षी पिशवी घ्या. रब्बीला मालदांडी पेरणाऱ्याने घरचे बी का सोडावे? सोळा ग्रॅम गंधकाने जे होते त्यासाठी बियाणे बदलायची गरज नाही.

झिपरी काणीचे काय, असा प्रश्न येणार. तिथे अख्ख्या कणसाची झिपरी होते. तिचे बीजाणू जमिनीत राहतात, त्यामुळे गंधकाचा तिच्यावर भरवसा धरता येत नाही. त्या वावरात ज्वारीवर ज्वारी न घेणे आणि दिसेल ते कणीस काढणे एवढेच हातात. लांब काणी वाऱ्याने येते, तिलाही बीजप्रक्रिया लागू नाही. आम्ही सगळ्या काण्यांवर एक औषध सांगत नाही, तसे सांगणारा भेटला तर त्याला चार नावे विचारा.

यंदा उभ्या पिकात काणीची कणसे दिसत असतील तर सवंगणीच्या आधी एक फेरी मारा. फडक्याची पिशवी बरोबर न्या, कणीस अलगद पिशवीत घाला आणि मग खालून कापा, म्हणजे भुकटी उडणार नाही. घरी आल्यावर ती पिशवी तशीच उकळत्या पाण्यात बुडवा. बियाण्यासाठी राखायची कणसे वेगळी काढून हाताने झोडा, गावभर फिरलेल्या थ्रेशरमध्ये घालू नका.

गंधकाचा हिशेब सांगून थांबतो. एक किलो गंधक अडीचशे किलो बियाण्याला, म्हणजे बासष्ट एकरांना पुरते. प्रत्येकाने वेगळी पिशवी आणण्यात अर्थ नाही. गावातल्या एकाने आणावी आणि किराणा दुकानाच्या काट्यावर सोळा-सोळा ग्रॅमच्या पुड्या बांधाव्यात. पुडीवर एकर आणि तारीख लिहावी. ज्या गावांत हे करायचे ठरेल त्यांनी जाण्यापूर्वी नावे द्यावीत, म्हणजे पेरणीच्या आठवडाभर आधी पुड्या पोचवायचे बघता येईल.